वकिलाच्या दारासमोरचं मैदान

नोकरीत मी पुष्कळ नकाशे काढले. गटारांचे काढले, गल्ल्यांचे काढले, एक दवाखान्याचा, दोन बाजारओट्यांचे. त्यातला एकच नकाशा मी रागाच्या भरात काढला, आणि माझ्या हातून तोच सगळ्यांत चांगला उतरला. ज्याच्यावर राग होता तो माणूस आता नाही. राग आहे. म्हणून मी जे सांगतो ते एका बाजूचं आहे असं धरूनच वाचावं.

आमचं घर धुळ्याच्या जुन्या वस्तीत होतं. तीन गल्ल्या जिथे एकमेकींना मिळायच्या तिथे एक तिकोनी मोकळी जागा होती. तिच्या एका टोकाला हौद, दुसऱ्या टोकाला मोठा निंब आणि तिसऱ्या टोकाला वकिलाचं दुमजली घर. ती जागा कुणी आखून दिलेली नव्हती. पोरांनीच ती वापरून वापरून आखली होती. हौदाजवळची फरशी मुलींच्या ठिकरीची. मधली भुसभुशीत माती लंगडीची आणि आट्यापाट्यांची. लांबट बाजू विटीदांडूची. निंबाच्या सावलीत गोट्यांची गल, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत त्याच निंबाच्या फांदीला माहेरवाशिणींचा झोका. कोणता खेळ कुठे खेळायचा यावरून कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. नवं पोर आलं तरी दोन दिवसांत त्याला ते कळायचं.

माझी बहीण माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायचो. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा ती अकरा वर्षांची होती, मी आठ. लंगडीत अक्काला तोड नव्हती. परकराचा काचा मारायची, डावा पाय दुमडायची आणि एका दमात सगळी मुलं बाद करून परत यायची. मोठी मोठी मुलं तिच्यापुढे धापा टाकायची. पुढे आयुष्यात मी बरेच खेळाडू पाहिले. पण आपल्या एका पायावर इतका विश्वास टाकणारं कुणी मी पाहिलं नाही.

वकिलांना आमचा आवाज खपत नसे. दुपारी ते माडीवर कागद वाचत बसत आणि खाली आमचा गलका चाले. त्यांनी आधी दटावलं. मग विट्या उचलून न्यायला सुरुवात केली. आमचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये सुतारकाम करायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. उरल्यासुरल्या लाकडातून आबा आम्हाला विट्या करून द्यायचे. त्या विट्या वकिलांच्या घरी आंघोळीच्या बंबात जाताना आम्ही भिंतीवरून पाहिल्या. आम्ही पोरं होतो. आम्ही आणखी मोठ्याने ओरडायला लागलो. एक दिवस कुणाची तरी विटी उडाली आणि माडीच्या खिडकीची काच फुटली. त्या दिवशी वकील खालीही आले नाहीत, ओरडलेही नाहीत. खिडकीतून नुसते बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौदावर दात घासत होतो. वकिलांकडचा गडी पाटी घेऊन जागेच्या मध्यभागी बसला होता. पाटीतून मूठमूठ काहीतरी टाकत होता आणि वरून पायाने माती सारत होता. मी विचारलं, "काय पेरतोस रे?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "काही नही. तू घर जाय." मी घरी गेलो. मला वाटलं, वकील तिथे फुलझाडं लावताहेत.

त्या संध्याकाळी राज्य अक्कावर होतं. ती तीन उड्या गेली, चार गेली. पाचव्या उडीला खाली पडली, आणि लगेच उठली नाही तेव्हा आम्ही हसलो, कारण अक्का पडते ही गोष्टच आम्हाला गमतीची होती. बाभळीचा लांब काटा तिच्या टाचेत मुळापर्यंत गेला होता आणि आत मोडला होता. मग आम्ही सगळ्यांनी माती उकरून पाहिली. बाभळीचे काटे होते, बोरीचे होते, वर बारीक माती पसरलेली. दोघा मुलांच्या पायालाही काटे लागले, पण ते दोन्ही पायांवर असल्यामुळे थोडक्यावर निभावलं. अक्काचं सगळं वजन एका पायावर होतं.

आईने बिब्बा तापवून लावला. पाय सुजला, पोटरीपर्यंत तांबडा झाला. आठव्या दिवशी आबांनी तिला खांद्यावर टाकून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टाच कापून पू काढला, जीव वाचवला, पायही वाचवला. पण आतली शीर आखडली ती आखडलीच. त्यानंतर अक्काची टाच जमिनीला कधी टेकली नाही. ती चवड्यावर, झोके खात चालायची.

मी गड्याचं सांगितलं तेव्हा आबा वकिलांकडे गेले. मला बरोबर नेलं, साक्षीला. वकील ओट्यावर आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी आबांना बसा म्हटलं नाही.

आबा म्हणाले, "साहेब, पोरीचा पाय गेला."

वकील म्हणाले, "वाईट झालं. पण रस्ता खेळण्यासाठी नसतो. आणि अकरा वर्षांची मुलगी पोरांत उड्या मारते, ते तुम्हाला दिसत नव्हतं का?"

"काटे तुमच्या गड्यानं टाकले. ह्या पोरानं पाहिलं."

वकील माझ्याकडे वळले. "काय पाहिलंस? पाटीत काटे होते हे पाहिलंस? हातात घेऊन पाहिलेस?"

मी म्हणालो, "मला वाटलं फुलझाडं."

वकील हसले. मोठ्याने नाही, नुसते नाकातून. आबांनी माझा हात धरला, दुसरा हात कपाळाला लावून वकिलांना नमस्कार केला आणि आम्ही घरी आलो. आबांचा तो नमस्कार मी आजपर्यंत विसरलेलो नाही. वकिलांवर माझा जो राग आहे त्यातला निम्मा अक्काच्या पायाचा आणि निम्मा त्या नमस्काराचा.

पुढच्या महिन्यात वकिलांनी जागेला तारेचं कुंपण घातलं आणि तिथे आपल्या टांग्याचा तबेला बांधला. निंब तोडला. पोरं पांझरा नदीच्या पात्रात खेळायला जाऊ लागली. मुली कुठेच गेल्या नाहीत. त्या घरात बसल्या. अक्का त्यांत पहिली.

अक्काचं लग्न जमेना. शेवटी सोनगीरच्या एका बिजवराला दिली. माणूस चांगला निघाला, शेतीवाडी बरी होती, पण त्याच्या घरी तिच्याएवढाच एक मुलगा होता, आणि लग्नाच्या दिवशी आई चुलीपुढे बसून इतकी रडली की पोळ्या करपल्या.

मी शाळेत चित्रं बरी काढायचो. मास्तरांनी आबांना गळ घातली, मी पुण्याला ओव्हरसिअरचा अभ्यास करून आलो आणि म्युनिसिपालिटीत लागलो. साखळी, दुर्बीण आणि कागदाची गुंडाळी घेऊन मी ज्या गल्लीत जायचो तिथे पोरं माझ्यामागे यायची. प्रत्येक ठिकाणी मी त्यांना विचारायचो, तुम्ही खेळता कुठे? बहुतेक ठिकाणी उत्तर यायचं, इथं ओरडतात.

आग्रा रोडच्या बाजूला नवी पेठ वसवायचं ठरलं. आखणी माझ्याकडे आली. रस्ते, गटारं, घरांचे तुकडे आणि मध्ये एक मोठी चौरस जागा, कागदावर 'बाग' म्हणून दाखवलेली. बागेसमोरचा कोपऱ्याचा तुकडा सगळ्यांत हवेशीर. तो कुणी घेतला हे मला ऑफिसातच कळलं. वकील आता म्हातारे झाले होते, जुन्या गल्लीचा कंटाळा आला होता, बागेसमोर शांत बंगला बांधून राहायचं त्यांच्या मनात होतं.

मी त्या दिवशी जेवायला घरी गेलो नाही. टेबलाशी बसून हसत होतो. शेजारच्या कारकुनाने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, एक चूक सापडली.

बंगल्याचा पाया वर येईपर्यंत मी गप्प राहिलो. भिंती उभ्या राहिल्या, पुढे रुंद व्हरांडा झाला, तेव्हा मी कमिटीपुढे कागद ठेवला: शहरात मुलांना खेळायला जागा उरलेली नाही, मुलं रस्त्यावर टांग्यांखाली येतात, तेव्हा बागेऐवजी तिथे खेळाचं मैदान करावं. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. कमिटीतल्या दोघातिघांची मुलं त्याच वयाची होती. ठराव मंजूर झाला.

मग मी नकाशा काढला. वकिलांची बसायची खोली कुठे, निजायची कुठे, हे मला त्यांच्या परवानगीच्या अर्जावरून माहीत होतं. लगोरी निजायच्या खोलीसमोर. आट्यापाट्यांच्या पाट्या बसायच्या खोलीसमोर. विटीदांडूचा रोख थेट व्हरांड्यावर. लंगडीचं रिंगण फाटकासमोर. प्रत्येक रेघ ओढताना मला गोड वाटत होतं.

दिवाळीत अक्का माहेरी आली. मी जमिनीवर नकाशा पसरला आणि तिला सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं होतं ती खूश होईल. ती म्हणाली, "माले कागद नही समजत. जागा दाखाड."

आम्ही टांग्याने गेलो. नांगरल्यासारखी काळी माती पडली होती, मी पुरलेल्या खुंट्या दिसत होत्या. अक्का झोके खात त्या जागेवरून फिरली, चारी बाजूंनी. मी मागे. वकिलांच्या बंगल्याकडे तिने एकदा पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

"ह्या पाट्या आडव्या का काढ्या?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "म्हणजे ओरडा सरळ त्याच्या खोलीत जाईल."

"आनि सांजले पोरेसना डोयामा ऊन जाई, त्यानं काय? अर्धा पोरेसले दिसावच नही. उभ्या काढ."

मी मावळतीकडे पाहिलं.

ती पुढे गेली. विटीदांडूच्या खुंट्यांपाशी थांबली. "विटी इकडे मारतीन. मधमा लहान्या पोरी ठिकरी खेयतीन. कोना तरी पोरना डोया जाई. मंग तो डोया तू फोडा का वकिलनी फोडा?"

मला राग आला. मी म्हणालो, "अक्का, तुझ्यासाठी करतोय हे."

ती तिथेच मातीत बसली. पाय लांब केला. म्हणाली, "हाई मैदान शे का सूड शे, ते आधी ठराव."

मी म्हणालो, "दोन्ही."

"मंग आधी मैदान कर."

आणि मग तिने मला ते मैदान सांगितलं. अकरा वर्षांची असताना पाय गेला तेव्हापासून तिच्या डोक्यात ते तसंच्या तसं असावं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाय अडकतो, तेव्हा ती हातभर काढून खाली मुरूम आणि वर पांझरेची बारीक रेती मिसळलेली पांढरी माती. ठिकरीला फरशी, पण गुळगुळीत नको, ठिकरी घसरते. सागरगोट्यांना सावलीत ओटा, गुडघ्याएवढा, म्हणजे छोट्या मुलींना मांडी घालून बसता येईल आणि पाठीशी धाकटं भावंड निजवता येईल. विटीदांडू लांबच्या कडेला, जिकडे घर नाही. लपंडावासाठी दोन-तीन बुटक्या भिंती, पलीकडचं मोठ्या माणसांना दिसेल एवढ्याच उंचीच्या. एक वड, सूरपारंब्यांना. आपल्या हयातीत नाही तर पुढच्यांना कामी येईल. निंब तीन, आणि निंब मोठे होईपर्यंत झोक्यासाठी सागाचे खांब. मुलींच्या बाजूला येण्याची वाट वेगळी, म्हणजे कुणाची आई 'पोरांत जाऊ नको' म्हणणार नाही. आणि एक माणूस, रोज सकाळी झाडणारा.

मी सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि लंगडी? ती हलवायची का फाटकासमोरून?"

अक्का उठली. साडीची माती झटकली. बंगल्याकडे आता तिने नीट पाहिलं.

"ती नको हलावू," ती म्हणाली. "ती तथीच ऱ्हाऊ दे."

मैदान तयार व्हायला पुढची आखाजी उजाडली. वकील तोवर राहायला आले होते. मुरूम पडताना त्यांनी तीन अर्ज केले, मी तिन्ही अर्जांना नियमाप्रमाणे उत्तरं लिहिली आणि खाली सही ठसठशीत केली. त्यांनी मला ओळखलं की नाही कळलं नाही. एकदा व्हरांड्यातून म्हणाले, "तुम्ही इथलेच का?" मी म्हणालो, "हो, जुन्या गल्लीतला. हौदाजवळ." ते आत गेले.

आखाजीच्या दिवशी मैदान खुलं केलं. म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष आले, शेजारी म्हणून वकिलांनाही बोलावलं होतं. सागाच्या खांबांना झोके बांधले होते, माहेरवाशिणी जमल्या होत्या, जुन्या गल्लीतली माणसंही आली होती. अध्यक्ष चार शब्द बोलले. मग वकील उभे राहिले. ते म्हणाले की हेतू चांगला आहे, पण अशा जागी मुलांना इजा होते. उद्या कुणाचा हातपाय मोडला, पायात काहीबाही गेलं, तर जबाबदार कोण? त्यांचा आवाज अजून कोर्टातला होता.

बायकांमधून अक्का पुढे आली. मी तिला अडवायला हवं होतं असं नंतर काहींनी म्हटलं. मी अडवलं नाही. तिने हात जोडले आणि शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, "वकीलसाहेब बरोबर बोलले. पोरांना सोडायच्या आधी कुणीतरी जागा तपासावी. अनवाणी. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत."

अध्यक्ष म्हणाले, "आमचा माणूस झाडून गेला आहे, बाई."

"माणसाचं नका सांगू. वकीलसाहेबांनी चालावं. काटा कुठं असतो ते त्यांना ठाऊक आहे." आणि तिने साडी घोट्यापर्यंत वर घेतली आणि ती टाच दाखवली, सगळ्यांसमोर.

जुन्या गल्लीतल्या माणसांत कुजबूज झाली. बाकीच्यांना काही कळलं नाही. वकील अक्काच्या पायाकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. त्या वेळी त्यांनी मला ओळखलं.

ते नाही म्हणू शकले असते. सत्तरीच्या माणसाला कुणी हात लावला नसता. पण इतक्या लोकांसमोर नाही म्हणण्याचा अर्थ काय होईल हे वकिलाला कळत होतं. त्यांनी खाली वाकून पंप शू काढले, मोजे काढले. पाय पांढरे होते, कधी ऊन न लागलेले. वैशाखातली माती तापली होती. ते चालायला लागले.

ते पलीकडच्या कडेपर्यंत गेले. लंगडीच्या रिंगणातून गेले, पाट्यांवरून गेले. प्रत्येक पाऊल टाकताना आधी अंगठा टेकवून पाहत होते. मी मनात म्हणत होतो, एक काटा निघू दे. एक तरी. इतकी माती पाखडली, एखादा तरी राहिला असेल. राहिला नव्हता; झाडणारा माणूस चोख होता आणि त्याला मीच लावला होता. वकील परत आले, शू हातात घेतले आणि कुणाशी न बोलता आपल्या फाटकातून आत गेले. मागे कुणीतरी शिट्टी वाजवली आणि पोरं मैदानात सुटली.

अक्का झोक्यावर जाऊन बसली. मी झोका दिला. ती म्हणाली, "मनं व्हई गयं, भाऊ. तुनं?"

मी झोक्याला आणखी एक हात दिला.

माझं झालं नव्हतं. पुढच्या वर्षी वकिलांनी मैदानाच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून दावा लावला, तो चालला तितके दिवस मी प्रत्येक तारखेला जातीने हजर राहिलो. दावा फेटाळला तेव्हा गल्लीत पेढे वाटले. मग त्यांनी मैदानाकडच्या खिडक्या फळ्या मारून बंद केल्या. उन्हाळ्यात धुळ्यात खिडक्या बंद करून राहणं म्हणजे काय, ते धुळ्याच्या माणसाला सांगायला नको. ऑफिसातून घरी जाताना मी वाट वाकडी करून तिथून जायचो. पोरांना म्हणायचो, आवाज कमी येतोय रे आज. पोरं हसायची आणि बेंबीच्या देठापासून ओरडायची. मुलीही ओरडायच्या. ते ऐकत मी फाटकापाशी उभा राहायचो. फळीच्या फटीतून कुणी बघत असे की नाही, देव जाणे.

पुढे मी जळगावला नोकरी घेतली. त्या मैदानासारखं मैदान तिथेही करून मागितलं लोकांनी. मी करून दिलं, अक्काने सांगितलं होतं तसंच्या तसं, फक्त तिथे कुणाच्या दाराकडे बघायचं नव्हतं.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी अक्काचं पोस्टकार्ड आलं, तिच्या सावत्र मुलाच्या अक्षरात. वकील वारले होते. तिने लिहवलं होतं, 'मी दुखवट्याला बसायला जाऊन आले. त्यांच्या बायकोने पाणी दिलं. तू येऊ नको, तुझा चेहरा खोटं बोलत नाही.'

मी ते कार्ड बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, जायचं का? मी नाही म्हणालो. अक्का का गेली हे मला समजलं नाही आणि मी तिला कधी विचारलंही नाही. मी भाकरी खाल्ली, वर ताक प्यालो, अंगणात बाज टाकली आणि मला गाढ झोप लागली. सकाळी बायको म्हणाली, असल्या बातमीनंतर माणसाला अशी झोप लागते याची लाज वाटायला हवी.

मी बघितलं विचार करून. वाटली नाही.